नव्वद ग्रॅम आभाळ

भाग्यलता कणकवलीला नर्स आहे. फोनवर म्हणाली,
"आई, तुझा खोकला कोरड्या हवेचा.
इकडं या. गाव तुम्ही निवडा, भाडं मी बघते."

आमच्या ह्यांनी आजवर गाव कधी निवडलं नव्हतं.
विडी घरकुलातल्या ह्या दोन खोल्यासुद्धा
सोडतीत निघाल्या, चिठ्ठीवर नुसता नंबर.
निवडायचं म्हणजे नेमकं काय करायचं
ह्याचा चार दिवस पंख्याखाली बसून विचार केला.
पाचव्या दिवशी नळ आला, तसे उठले,
कारखान्यात जाऊन सुताची लडी मागून आणली.
वीस नंबरी. भर मे महिन्यात मोजून एक किलो.

मी म्हटलं, हवामान पेपरात छापून येतं की.
हे म्हणाले, मग चाळीस वर्षं मी काय बघितलं?

खरंच होतं.
एप्रिल लागला की इथली हवा
टॉवेलच्या ताण्याला कात्रीसारखी लागते.
धागा तुटतो, माग थांबतो, मालक ओरडतो,
म्हणून हे तासातासाला जमिनीवर पाणी मारायचे.
आणि मी घरी तेंदूचं पान ओल्या तरटात गुंडाळून ठेवायची.
सुकलं तर वळताना चिरतं,
जास्त भिजलं तर काळं पडतं, मुकादम बाजूला काढतो.
ओल किती असावी
ते आम्ही दोघं बोटांनीच शिकलो.

ऑगस्टात निघालो. पिशवीत लडी, तागडी,
शेंगाचटणी, कडक भाकरीचा डबा.

आंबोलीची खोली चांगली होती.
ढग खिडकीतून आत यायचे, सतरंजीवर बसायचे,
उठायचं नाव नाही.
तीन काड्या वाया गेल्या, चौथी पेटली.
कडक भाकरीची रुमालासारखी घडी होऊ लागली.
ह्यांचे गुडघे पायरीपायरीला बोलत होते.
मी मात्र रात्रभर झोपले.
किती वर्षांनी, ते मोजलं नाही.
सकाळी लडी तोलली: किलोवर नव्वद ग्रॅम.
"नव्वद ग्रॅम आभाळ," हे म्हणाले,
आणि सूतवाल्याची लबाडी पकडल्यासारखे हसले.

लेकीकडं पंचाहत्तर.
तिथं न्हाणीचं दार फुगून बसलेलं, लागतच नव्हतं.
आत कुणी आहे हे कळावं म्हणून
हे आंघोळीला जोरजोरात तेलुगू गाणी म्हणायचे.
चपलांवर बुरशी. जावई काही बोलले नाहीत.

मग घाट चढून उलटं आलो, आजऱ्याला.
पाऊस तिथंही येतो, पण दमून येतो.
चादर मध्ये दाट विणतात
आणि कडेला दशा सोडतात, तसा.
दुपारी दोन तास ऊन पडलं. ह्यांची बंडी वाळली.
घरमालक शिंत्रे तागडीकडं बघत राहिले,
"काय इकायला आणलंय म्हणायचं?"
पन्नास ग्रॅम.
रात्री मी दोनदा खोकले. गुडघे एकदाच बोलले.
दोघांत मिळून एवढंच आभाळ परवडतं, असं ठरलं.

परत आल्यावर लडी खिळ्याला अडकवली.
ऑक्टोबरच्या उन्हात ती रोज थोडी थोडी हलकी होत गेली.
शेजारची अंबूबाई कोडम विचारते, कधी निघणार?
मी सांगते, गड्डा होऊ दे.
शिंत्र्यांचा फोन येतो, देऊ का दुसऱ्या कुणाला?
हे म्हणतात, नका देऊ.
आणि टेम्पोवाल्याला काही सांगत नाहीत.

काल रात्री खोकला थांबेना.
हे उठले. दिवा लावला नाही.
चार दिवस पुरवायच्या बादलीतून ओंजळ भरून
माझ्या खाटेभोवती फरशीवर पाणी मारलं,
मागाखाली मारायचे तसंच, मनगटातून.
मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.
लडी खिळ्यावरून काढली
आणि अंधारात हातावर तोलत
बराच वेळ उभे राहिले.